दीड मिनिटाची बातमी: टीव्हीच्या न्यूजरूममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

छापील बातमी वाचणारा माणूस अडला तर एक ओळ मागे जातो. टीव्हीची बातमी एकदाच कानावर पडते, तीही कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचा अभ्यास यांच्या मधून. डेस्कवर बसल्यावर जे काही शिकायचे आहे, ते सगळे या एका अडचणीतून आले आहे.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील बातम्या वाचत, तेव्हा प्रेक्षक ठरलेल्या वेळी येऊन बसायचा आणि बातमीपत्र पहिल्या वाक्यापासून ऐकायचा. २००७ च्या सुमारास मराठीत चोवीस तासांची चॅनेल आली आणि ही बैठक मोडली. आता प्रेक्षक कुठल्याही मिनिटाला येतो, रिमोट हातात ठेवूनच बघतो आणि कुठल्याही मिनिटाला जातो. स्क्रीनवरच्या पट्ट्या, दर थोड्या वेळाने येणाऱ्या हेडलाइन्स, ब्रेकआधीचे टीझर हे सगळे मधूनच आलेल्या माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे. त्यात लबाडी नाही. पट्टीवर जे कबूल केले ते बातमीत मिळाले नाही, तर मात्र ती फसवणूक होते, आणि प्रेक्षक ते लक्षात ठेवतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच बातमीवर बघू: लासलगावला कांद्याचा भाव पडला. यातले भावाचे आकडे क्विंटलमागे रुपयांत आणि उदाहरणापुरते आहेत.

आधी एक वाक्य

असाइनमेंट डेस्कला (कोणती बातमी कोणी करायची हे ठरवणाऱ्या टेबलाला) बातमी देताना ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे. ‘कांदा उत्पादकांची व्यथा’ हा विषय झाला. ‘आठ दिवसांत लासलगावचा सरासरी भाव सोळाशेवरून अकराशेवर आला’ ही बातमी झाली. कोणाचे काय बदलले, किती आणि कधीपासून, एवढे त्या वाक्यात हवे. ते जमत नसेल तर कॅमेरा घेऊन निघण्याआधी बाजार समितीत एक फोन करा. किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही भाव आणि त्या दिवशीची आवक विचारून घ्या. फक्त किमान भाव उचलून ‘कांदा तीनशे रुपये’ अशी पट्टी चालवणे ही नेहमीची चूक आहे. तो भाव बहुतेक वेळा सडक्या किंवा अगदी बारीक मालाचा असतो.

त्याच वेळी स्लग ठरवा. स्लग म्हणजे बातमीचे यंत्रातले नाव. शूट, स्क्रिप्ट, ग्राफिक्स आणि रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांची क्रमवार यादी) चौघांतही ते अक्षरशः एकच हवे. एकाने ‘लासलगाव कांदा’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘नाशिक कांदा’, तर ऐन बुलेटिनमध्ये चुकीची क्लिप वाजते.

शूट: कान उघडे ठेवून

बाजार आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. व्यापारी रांगेने पुढे सरकतात, ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघतात, बोली पुकारली जाते आणि काही सेकंदांत सौदा होतो. बातमीचा जीव या काही सेकंदांत आहे. तो पकडायचा तर लिलाव सुरू व्हायच्या आधी पोहोचायला हवे. लिलाव संपल्यावर रिकाम्या आवारात घेतलेले शॉट कोणत्याही दिवसाचे वाटतात.

एका कृतीचे पाच शॉट घ्या: हात, चेहरा, दोन्ही मिळून दिसतील असा मधला शॉट, खांद्यावरून, आणि सगळे आवार दाखवणारा वाइड. प्रत्येक शॉट १० सेकंद न हलवता ठेवा. एडिटमध्ये त्यातले ४ सेकंदच वापरले जातात, पण नवशिके कॅमेरा सतत फिरवत राहतात आणि एडिटरला स्थिर असे ४ सेकंदही सापडत नाहीत. शेतकऱ्याच्या चेहऱ्याचा एक शॉट बोली लागत असतानाचा हवाच. भाव ऐकल्यावर माणूस जसा बघतो, तसा नंतर विनंती करून बघत नाही.

आवाज वेगळा गोळा करा. बोलीचा गलका, ट्रॉलीतून कांदा ओतल्याचा आवाज, ट्रॅक्टरची धडधड, प्रत्येकी अर्धा मिनिट. घरातला माणूस स्वयंपाकघरात असतो. तो आवाजाने वळतो आणि मग चित्र बघतो.

मोबाइलवर शूट करणार असाल तर फोन आडवा धरा आणि सेटिंग २५ फ्रेमवर आणा. बहुतेक फोन मुळात ३० वर असतात. आपले प्रसारण २५ फ्रेमचे असल्याने बदलताना चालणारी माणसे झटके खात चालल्यासारखी दिसतात. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर पन्नासांश सेकंदावर ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. स्ट्रिंगरकडून (बातमीगणिक मानधन घेणाऱ्या स्थानिक बातमीदाराकडून) व्हॉट्सअॅपवर क्लिप मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे सांगायला विसरू नका. नेहमीसारखी पाठवली की ती दाबली जाते आणि मोठ्या पडद्यावर फुटते.

बाईट

बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिलेली प्रतिक्रिया. कॅमेरा सुरू झाल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि हुद्दा बोलायला सांगा. आडनाव ‘वाघ’ की ‘वाघे’ हे संध्याकाळी फोनवर शोधत बसावे लागत नाही.

‘काय वाटतं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर सगळ्यांचे सारखेच येते. ‘किती क्विंटल आणला, काय भाव लागला, भाडं किती गेलं, हातात किती उरलं?’ असे विचारा. हिशेबपट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात असेल तर तिच्यावर बोट ठेवून सांगायला लावा आणि तिचा जवळून शॉट घ्या, मात्र त्यावरचा फोन क्रमांक आणि बँकेचा तपशील दिसणार नाही असा. ‘भाडं जाऊन काहीच उरलं नाही’ हे दहा जण सांगतात. हिशेबपट्टीवरचा आकडा मात्र प्रेक्षक स्वतः वाचतो आणि मनात वजाबाकी करतो.

शेतकऱ्यानंतर व्यापारी आणि बाजार समितीचा माणूस, दोघांचे म्हणणे घ्या. भाव पडण्याची कारणे एकापेक्षा जास्त असतात: आवक वाढली, परराज्यातला माल आला, निर्यातीचे धोरण बदलले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह ती खुली केली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क काढले. प्रत्येक टप्प्याचा भावाशी संबंध वेगळा आहे. ‘सरकारच्या धोरणामुळे’ एवढेच लिहून मोकळे झाले की अर्धी बातमी हरवते.

लिहायचे ते कानासाठी

मराठी व्हीओचा (चित्रावर वाचलेल्या निवेदनाचा) वेग साधारण सेकंदाला २ शब्द धरा. मिनिटाला १२० शब्द झाले. दीड मिनिटाच्या पॅकेजचा (चित्र, व्हीओ आणि बाईट जोडून तयार केलेल्या बातमीचा) ढोबळ हिशेब असा: सुरुवातीला ५ सेकंद नुसता लिलावाचा आवाज, व्हीओ ४५ सेकंद म्हणजे ९० शब्द, तीन बाईट मिळून २८ सेकंद, शेवटी १२ सेकंदांचा पीटूसी, म्हणजे रिपोर्टर कॅमेऱ्याकडे बघून बोलतो तो भाग. नव्या माणसाची पहिली स्क्रिप्ट बहुधा २०० शब्दांची येते. ती भराभर वाचून बसवायचा मोह टाळा आणि एक मुद्दा काढून टाका.

अँकरचा लिंक (पॅकेजआधी अँकर वाचतो ती ओळख) सगळ्यात शेवटी लिहा, पण सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या. ‘बळीराजा हवालदिल, शेतकऱ्यांच्या डोळ्यांत अश्रू’ हे वाक्य कुठल्याही वर्षी, कुठल्याही पिकाला लावता येते. म्हणून ते कोणालाच थांबवत नाही. त्याऐवजी हे बघा:

‘लासलगावला आज कांद्याला क्विंटलमागे सरासरी अकराशे रुपये मिळाले. आठ दिवसांपूर्वी हाच भाव सोळाशे होता. ट्रॉली भरून आणलेला माल परत नेणं परवडत नाही, म्हणून मिळेल त्या भावात विकावा लागतोय.’

२८ शब्द, १४ सेकंद. वाक्यागणिक एक गोष्ट. तिसरे वाक्य प्रेक्षकाच्या मनात आलेल्या ‘मग विकतात कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर आहे. असा एक प्रश्न ओळखून त्याचे उत्तर लिंकमध्ये देता आले, तर माणूस पॅकेजपर्यंत थांबतो.

व्हीओने चित्राचे वर्णन करायचे नाही. ट्रॉली दिसते आहे, तिला ‘ही ट्रॉली’ म्हणण्यात ३ सेकंद घालवू नका. जे दिसत नाही ते सांगा: ती किती लांबून आली, किती वाजता निघाली. उलट टोकाची चूकही होते. व्हीओ निर्यातीबद्दल बोलतो आणि चित्रात शेतकरी चहा पितो आहे. कान आणि डोळा वेगवेगळ्या दिशेला गेले की प्रेक्षकाला दोन्ही लागत नाही. तिथे निर्यातीची ग्राफिक प्लेट लावा.

प्रॉम्प्टरवर (अँकर ज्यावरून वाचतो त्या पडद्यावर) आकडे अक्षरांत लिहा. ‘१.५ लाख’ दिसले की घाईत ‘एक पॉइंट पाच लाख’ वाचले जाते. सरळ ‘दीड लाख’ लिहा. सव्वा, पावणेदोन, अडीच ही आपली मापे कानाला लगेच कळतात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी अशा आकड्यांत भलेभले अडखळतात, म्हणून शक्य तिथे ‘जवळपास सत्तर’ करा. जिथे नेमकेपणा हवाच, तिथे आकडा स्क्रीनवरही द्या.

भाषेचा एक मोठा गाळ हिंदीतून येतो. ‘धक्कादायक खुलासा’ हे त्याचे ठळक उदाहरण. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. गुपित बाहेर आले असेल तर ते ‘उघड झाले’. ‘माझी मदत करा’ नाही, ‘मला मदत करा’. हिंदी चॅनेलवरून बातमी उचलताना हे शब्द चिकटून येतात. स्क्रिप्ट मोठ्याने वाचली तर बहुतेक तिथेच खटकतात. मोठ्याने वाचणे ही पायरी एकदाही वगळू नका.

एडिट आणि पडद्यावरचा मजकूर

सगळ्यात बोलका शॉट पहिला ठेवा. इथे तो बोली लागतानाचा चेहरा आहे. व्हीओखालचा बाजाराचा आवाज बंद करू नका. तो व्हीओपेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली ठेवला की बोलणे स्पष्ट राहते आणि जागाही जाणवते. दुःखाच्या बातमीखाली सनई-सारंगीची धून टाकायची पद्धत आहे. आमचा तिला विरोध आहे. लिलावाचा गलका आणि त्यात गप्प उभा माणूस एवढे पुरेसे असते. संगीत प्रेक्षकाला काय वाटून घ्यायचे ते सांगू लागते.

बाईट कापताना वाक्याच्या मधोमध कापून अर्थ उलटणार नाही याची खात्री करा. ‘भाव वाढतील, पण आवक कमी झाली तर’ यातले ‘भाव वाढतील’ एवढेच ठेवणे म्हणजे त्या माणसाच्या तोंडी दुसरे वाक्य घालणे आहे. जुने शॉट वापरले तर ‘संग्रहित दृश्ये’ ही अक्षरे ती दृश्ये असेपर्यंत दिसली पाहिजेत. पूर, दंगल, अपघात यांत हे अधिकच काटेकोर पाळा. पावसाळ्यात दरवर्षी जुने पुराचे व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. दुकानाच्या पाट्यांवरची गावाची नावे, गाड्यांच्या नंबर प्लेट, लोकांचे कपडे आणि त्या दिवशीचे हवामान ताडून बघा. व्हिडिओतली चौकट काढून इमेज सर्च करा. ‘व्हायरल’ अशी पट्टी लावली म्हणून चॅनेलची जबाबदारी संपत नाही.

खालच्या पट्टीत ५ ते ७ शब्द मावतात. तिथे क्रियापद ठेवा: ‘लासलगावात कांदा सोळाशेवरून अकराशेवर घसरला’. प्रश्नचिन्हाची पट्टी, ‘कांद्यामागे मोठं षडयंत्र?’ अशी, उत्तर हाती नसताना चालवू नका. लाल ब्रेकिंग प्लेट नवी माहिती असेपर्यंतच राहावी. सकाळी नऊची ब्रेकिंग संध्याकाळी चारला तशीच झळकत असेल, तर खरी घाईची बातमी येईल तेव्हा त्या लाल रंगाला कोणी वळून बघणार नाही.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जी मराठी पडद्यावर रोज चुकते. ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना साधा र वापरला की ग्राफिक्समध्ये ‘शेतकर्यांना’ असा रफार उमटतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. अर्थच बदलतो. पहिल्याच दिवशी ग्राफिक्सच्या मशीनवर ‘दऱ्याखोऱ्यांतल्या शेतकऱ्यांना’ एवढे टाइप करून बघा. तुटत असेल तर दोष फॉन्टचा आहे की टाइप करण्याचा, ते त्याच दिवशी लावून घ्या.

रनडाऊन

अर्ध्या तासाच्या बुलेटिनमध्ये बातम्यांना साधारण २२ ते २४ मिनिटे मिळतात. केबल टेलिव्हिजन नियमांनी जाहिरातींवर ताशी १२ मिनिटांची मर्यादा घातली आहे, त्यात चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोलाही जागा लागते. हेडलाइन्स पाच, प्रत्येकी ८ ते १० सेकंद. पहिला भाग सर्वांत लांब. ब्रेकच्या आधी पुढच्या भागातले एक दृश्य आणि एक ओळ, आणि ती बातमी ब्रेकनंतर लगेच द्या. तीन ब्रेक ताटकळत ठेवू नका.

क्रम लावताना नुसते महत्त्व बघून भागत नाही. सलग तीन पॅकेज आली की बुलेटिन जड होते. पॅकेज, मग २० सेकंदांचा अँकर व्हीओ, मग लाइव्ह, मग ग्राफिकची बातमी, अशी चाल बदलत ठेवा. कांद्याच्या बातमीशेजारी मुंबईतल्या किरकोळ भावाची बातमी ठेवली तर दोन्हींना वजन येते: शहरातला प्रेक्षक किलोचा भाव ओळखतो, क्विंटलचा नाही. क्विंटलला अकराशे म्हणजे किलोला अकरा, हे त्याला सांगून टाका. १० सेकंदांची एक-दोन तयार बातमी कायम राखून ठेवा, कारण लाइव्ह लिंक तुटली की मोकळा पडदा तिनेच भरावा लागतो.

लाइव्ह

बॅकपॅक युनिट, म्हणजे पाठीवर घ्यायचे लाइव्हचे यंत्र, अनेक सिमकार्डांवरून एकत्र सिग्नल पाठवते. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला किंवा आषाढीला पंढरपुरात लाखो फोन एकाच वेळी चालू असतात, तेव्हा सगळी सिमे एकदम गुदमरतात. तिथे ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) किंवा केबलची जोडणी आदल्या दिवशी करून ठेवा. स्टुडिओचा प्रश्न रिपोर्टरपर्यंत पोहोचायला आणि उत्तर परत यायला दोन-तीन सेकंद जातात. त्या मौनात अँकरने पुन्हा प्रश्न विचारला की दोघेही एकमेकांवर बोलतात. रिपोर्टरच्या इअरपीसमध्ये त्याचा स्वतःचा आवाज परत जाता कामा नये. गेला तर तो उशिरा ऐकू येतो आणि जीभ अडखळते. लाइव्हच्या आधी पीसीआरला (स्टुडिओच्या नियंत्रण कक्षाला) फक्त हेच विचारून घ्या.

पहिल्या उत्तरात तीनच मुद्दे: आता काय घडते आहे, काय नक्की कळले आहे, काय अजून कळलेले नाही. तिसरा मुद्दा सांगायला कमीपणा वाटू देऊ नका.

चर्चेच्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. चारपेक्षा जास्त खिडक्या उघडल्या की कोणाचेच वाक्य पूर्ण होत नाही. विषयाचा प्रश्न एकच ठेवा आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याला लगेच उत्तराची संधी द्या.

कायद्याची रेघ

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे; बालकांसाठी पॉक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आहे. चेहरा धूसर करून भागत नाही. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश, वडिलांची बाईट, गावाचे नाव आणि आरोपीशी असलेले नाते, यांतून गाव ओळखतेच. आवाजही बदला.

२६/११ च्या वेळी, नोव्हेंबर २००८ मध्ये, कमांडोंच्या हालचाली थेट दिसत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत ठपका ठेवला. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण नियमानेच बंद आहे; नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर टीव्हीवर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ मनाई करते.

शेतकरी आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन, दोरीचे किंवा डब्याचे शॉट नकोत. एकच कारण ठासून सांगू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पट्टीवर द्या.

गुरुवारचे आकडे

बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था. तिच्या पॅनेलमधल्या घरांत मीटर असतो. चॅनेलच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती तो ओळखतो. घरातला प्रत्येक जण आपले बटण दाबून आपण बघत असल्याची नोंद करतो. आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले गेले. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा चार आठवड्यांच्या फिरत्या सरासरीने. सरासरीत एका रात्रीचा उसळलेला आकडा चार आठवड्यांत वाटला जातो. उलट रोज सात वाजता वेळ सांभाळून आलेले भरवशाचे बुलेटिन हळूहळू साठत जाते. किती लोक आले आणि ते किती मिनिटे थांबले, हे दोन आकडे वेगळे वाचा. आले पण लगेच गेले, तर पट्टीने कबूल केलेले बातमीत नव्हते असे आधी समजा आणि ते बुलेटिन पुन्हा लावून बघा.

प्रसारणानंतर

चूक गेली असेल तर दुरुस्ती त्याच वेळेच्या बुलेटिनमध्ये, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. ‘आधी आम्ही सरासरी भाव नऊशे सांगितला होता, तो अकराशे आहे’ असे चुकलेला आणि बरोबर असे दोन्ही आकडे सांगून. जुनी पट्टी टिकरमध्ये (पडद्याखाली सरकणाऱ्या ओळीत) आणि चॅनेलच्या यूट्यूब क्लिपच्या शीर्षकात शिल्लक नाही ना, ते स्वतः बघा. तिथे ती हमखास राहून जाते.

मग फुटेज लायब्ररीत टाका, न कापलेल्या शॉटसह. नाव पूर्ण लिहा: ठिकाण, तारीख, काय दिसते, कोणाच्या बाईट आहेत, कोणाचा चेहरा वापरायचा नाही. पुढच्या वर्षी भाव पुन्हा पडेल तेव्हा एखादा नवा मुलगा ‘कांदा लासलगाव’ असा शोध घेईल आणि ‘संग्रहित’ लिहायचे की नाही, हे त्याला त्या नावातल्या तारखेवरूनच कळेल.